‘तलवार कुठं ठेवलीय?’ असं विचारणाऱ्या मिरजेच्या चाचांना

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. मोबाइलवरची अक्षरं तुमच्या डोळ्यांना झेपत नाहीत, हे त्या दिवशी पाहिलं होतं. पण तंबोऱ्याच्या घोडीवरचा केसाएवढा खड्डा त्याच डोळ्यांना चष्म्याशिवाय दिसत होता, हेही पाहिलं होतं. आभार तेव्हाच मानायला हवे होते, पण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे मला घरी पोचल्यावर कळलं. इतरांनीही ते वाचावं, म्हणून उघडपणे लिहिते आहे.

मी तुमच्याकडे माझ्या तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवून घ्यायला आले होते. पिशवीत युरोपातल्या जुन्या चित्रांच्या मोठ्या छपाया होत्या, कारण पुढच्या आठवड्यात चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर माझं व्याख्यान होतं. विषय होता सोळाव्या-सतराव्या शतकातल्या चित्रांमधले ल्यूटवादक आणि त्या काळच्या तलवारी. ल्यूट म्हणजे तिकडचं छेडून वाजवायचं तंतुवाद्य. मी त्याचे सरळ दोन भाग पाडले होते, आधी वाद्यं आणि मग हत्यारं. तुम्ही हातातली कानस खाली ठेवून म्हणालात, “बघू तर ती चित्रं.” त्यानंतर तासभर तुम्ही दुसऱ्या कुठल्याच कामाला हात लावला नाहीत.

पहिलं चित्र जर्मन चित्रकार होल्बाइनचं होतं, ‘राजदूत’, १५३३ सालचं. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, दोन मीटरांहून उंच आणि तेवढंच रुंद. दोन माणसं उभी आहेत, मध्ये दोन फळ्यांचं टेबल, खालच्या फळीवर ल्यूट. डावीकडचा राजदूत म्हणजे जाँ द दँतव्हील. त्याच्या उजव्या हातात खंजीर आहे आणि खंजिराच्या म्यानावर त्याचं वय कोरलंय, २९. ल्यूटची एक तार तुटलेली आहे. तुटलेली तार म्हणजे त्या काळच्या ख्रिस्ती धर्मातली फूट, असं मी वर्षानुवर्षं वाचत आणि शिकवत आले. तुम्ही मात्र आधी खुंट्या मोजल्यात. मग म्हणालात, “बाई, वाजवणाऱ्यानं तुटलेली तार अशी लोंबती ठेवली नसती, लगेच काढली असती. हे वाद्य इथं वाजवायला ठेवलेलंच नाही.”

एवढ्या वर्षांत माझ्या मनात हे आलं नव्हतं. फुटीचा अर्थ खोटा ठरत नाही, उलट जास्त बोचतो. ते वाद्य कुणीतरी सोडून दिलंय, आणि खंजीर मात्र मुठीत आहे.

मग तुम्ही एकामागून एक विचारत गेलात. तार कशाची? मी सांगितलं, मेंढीच्या आतड्याची तात. “मग दमट हवेत रोज उतरत-चढत असणार.” दांडीवरचे पडदेही तातीचेच, गाठ मारून बांधलेले, हे ऐकल्यावर तुम्ही भिंतीवरच्या सतारीकडे नुसतं बोट दाखवलंत. भोपळ्याच्या जागी लाकडाच्या पातळ फाका चिकटवून केलेली पाठ आहे, हे तुम्ही न सांगताच ओळखलंत. ल्यूटला जवारी नाही, तबलीवर चिकटवलेल्या पट्टीलाच तारा बांधतात, हे काही तुम्हाला फारसं आवडलं नाही. पण तारा जोडीजोडीनं लावलेल्या आहेत हे बघून तुम्ही “जोड!” म्हणालात, तेव्हा तो परका वाद्यप्रकार माझ्यासाठी एकदम घरचा झाला. या वाद्याचं नावही अरबी ‘अल-ऊद’वरूनच तिकडे गेलेलं.

त्यानंतरचं चित्र वालाँतँ द बुलोन्यचं, साधारण १६२५-२६ मधलं. आता ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, एके काळी कार्डिनल माझारँच्या संग्रहात होतं. एक तरुण शिपाई ल्यूट वाजवत गातोय आणि त्याच्या गळ्याभोवती पोलादी कवच आहे. त्या कवचावरचा उजेड तुम्ही बराच वेळ न्याहाळलात. “शिकल चांगली केलीय,” म्हणजे पोलाद छान चकाकवलंय, असं म्हणालात, आणि मग तो प्रश्न विचारलात.

“हा गडी वाजवायला बसलाय. मग तलवार कुठं ठेवलीय?”

दोन भागांत वाटलेलं माझं व्याख्यान या एका प्रश्नानं जोडलं गेलं. ज्याच्या मांडीवर ल्यूट आहे त्याच्याच कमरेला तलवार असायची, हे मला माहीत होतं. १५२८ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात कास्तिल्योने हा इटालियन लेखक दरबारी माणसाचा पहिला धंदा शस्त्र असं सांगतो, आणि त्याला संगीतही यायलाच हवं असं बजावतो. पण एका शरीरावर या दोन्ही गोष्टी बसतात कशा, हे मी कधी तपासलंच नव्हतं. घरी येऊन डाव्या कमरेला लांब काठी बांधली आणि पुठ्ठ्याचा ल्यूट मांडीवर घेतला. हातांच्या खुर्चीत बसताच येईना, काठी अडकते. स्टुलावर बसले तर काठी तिरकी मागे जाते, मूठ डाव्या कोपराखाली येते आणि हात मोकळा राहतो.

मग सगळी चित्रं पुन्हा काढली. टिशियनच्या ‘व्हीनस आणि ल्यूटवादक’मध्ये कमरेला हत्यार असलेला वादक पलंगाच्या कडेवर बसलाय. काराव्हाज्योच्या ‘संत मॅथ्यूला पाचारण’मध्ये वाद्य नाही, पण आपल्याकडे पाठ करून बसलेला तलवारवाला पोरगा बाकावर घोड्यावर बसावं तसा बसलाय. तलवार बाळगणारा माणूस बसायची जागा निवडून घेतो, हे त्या चित्रकारांना पक्कं ठाऊक होतं. काराव्हाज्योला तर फारच जवळून. त्याचा ल्यूट वाजवणारा मुलगा बघताना वाटतं, इतकी हळवी बोटं रंगवणारा माणूस कुणावर ओरडलाही नसेल. पण १५९८ मध्ये त्याला परवान्याशिवाय तलवार बाळगल्याबद्दल रोममध्ये पकडलं होतं, आणि १६०६ मध्ये एका माणसाचा जीव घेऊन तो तिथून पळाला.

तुमची खुंट्या मोजायची सवय मी उचलली. १५०० च्या सुमाराला ल्यूटला सहा जोड असत, त्यातली पहिली तार बहुधा एकटी, म्हणजे अकरा तारा. होल्बाइनच्या वेळी तेच प्रमाण चालू होतं. शतकाच्या अखेरीस सात-आठ जोड झाले, पुढे दहा, मग अकरा. तलवारीच्या मुठीचंही तसंच झालं. आधी साधी आडवी परज होती, मग बोटं वाचवायला तिच्याभोवती लोखंडी कड्या आणि कमानी वाढत गेल्या. नंतर मात्र वाटा वेगळ्या झाल्या. तलवार आखूड, हलकी आणि नुसती भोसकायची उरली, आणि ल्यूटच्या तारा वाढतच राहिल्या. आता अनोळखी चित्र समोर आलं की मुलं आधी खुंट्या मोजतात आणि मग मूठ बघतात. दोन्हींचा काळ जुळला नाही, तर चित्रकारानं कुठलीतरी जुनी वस्तू समोर ठेवून रंगवलंय का, अशी शंका घेतात. व्याख्यान संपल्यावर तासभर हेच चाललं होतं.

तलवारीचा प्रश्न तुम्हालाच का सुचला, हे मला तुमच्याकडून निघताना उमगलं. “आमचे पूर्वज शिकलगार,” तुम्ही सहज म्हणालात. मिरजेत सतारी-तंबोरे करणारी घराणी मूळची हत्यारांना धार आणि चकाकी देणारी, एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळलेली, हे मीही वाचलं होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पुन्हा वाचलं होतं. पण ते कवचावरचा उजेड जोखणाऱ्या नजरेत पाहणं वेगळंच. तुमच्या पणजोबा-खापरपणजोबांच्या हातांखालून ‘फिरंग’ही गेली असेल, म्हणजे त्या राजदूतांच्या युरोपातून समुद्रावरून आलेलं सरळ पातं. असं मी मनाशी धरून चालले आहे, आणि ते मला फार आवडतं.

जवारीचे पैसे तुम्ही घेतलेत, त्या तासाचे घेतले नाहीत. “चित्रं दाखवलीत की,” म्हणालात. वालाँतँच्या शिपायाची छपाई चौकटीत घालून पाठवते आहे. दुकानात लावा, पण उन्हात नको, रंग उडतात.

तंबोरा अजून छान बोलतोय. पावसाळा संपला की पुन्हा दाखवायला घेऊन येईन, आणि येताना टिशियनची मोठी छपाई आणीन. माझ्याकडच्या लहान छपाईत त्या ल्यूटच्या खुंट्या नीट दिसत नाहीत, तेवढ्या तुम्ही मोजून द्या.

तुमची,
तंबोऱ्यावाली बाई