‘अ‍ॅक्वालंग’ नीट ऐकू आली, त्याबद्दल

लॅमिंग्टन रोडवर टर्नटेबल दुरुस्त करणाऱ्या काकांना,
सप्रेम नमस्कार.

‘जेथ्रो टल’ या ब्रिटिश रॉक बँडची ‘अ‍ॅक्वालंग’ (१९७१) ही तबकडी घेऊन तुमच्याकडे येणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: आवाज कोंदट येतो, सुई बदलून द्या. तुम्ही सुई विकून मोकळे होत नाही. कोंदटपणा तबकडीतला किती आणि यंत्रातला किती, हे आधी वेगळं करून दाखवता. हे जाहीर आभार त्यासाठी.

तबकडीतला भाग खरा आहे. लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवर एका जुन्या चर्चमध्ये आयलंड कंपनीने नुकताच स्टुडिओ थाटला होता. तिथल्या मोठ्या दालनात हे रेकॉर्डिंग झालं. खालच्या लहान स्टुडिओत त्याच सुमारास लेड झेपेलिन या बँडचं काम चालू होतं. मूळ मिक्स, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र जुळवलेलं मुद्रण, जरा मळकटच उतरला. २०११ साली संगीतकार स्टीव्हन विल्सनने मल्टिट्रॅक (वाद्यं वेगवेगळी नोंदलेल्या) टेपांवरून केलेला नवा मिक्स शेजारी लावला, की बास आणि गिटार सुटे सुटे ऐकू येतात. जुन्या तबकडीतून तो मोकळेपणा कुठलीही महागडी सुई काढणार नाही, हे तुम्ही तोंडावर सांगता. शीर्षकगीतात मध्येच गायक इयन अँडरसनचा आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा पातळ होतो, तोही बिघाड नव्हे. १००० हर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा ठेवून बाकीचं मुद्दाम कापलेलं आहे. त्यापायी कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) बदलणारे महाभाग आहेत!

आता यंत्र. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी दिलेलं जुनं टर्नटेबल ही तुमच्या टेबलावरची नेहमीची केस. ट्रान्सफॉर्मर लावला की काम झालं, असं सगळ्यांना वाटतं. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या फ्रिक्वेन्सीनुसार फिरणारी, ६० हर्ट्‌झची असेल तर आपल्या ५० हर्ट्‌झवर तबकडी मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे घेते. याच अल्बममधलं ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’ हे गाणं पांढरी तीन पट्टीतलं. ते थेट काळी एकवर उतरतं आणि इंजिन घाट चढताना दमल्यासारखं वाटतं. उपाय मोटरवरची पुली बदलण्याचा, व्यास १.२ पट. वेग तपासायची स्ट्रोबची चकतीही (वेग बरोबर असला की विजेच्या उजेडात तिच्या रेघा स्थिर दिसतात) ५० हर्ट्‌झची, म्हणजे १८० रेघांची लागते. तिकडची २१६ रेघांची इथे चुकीचं सांगते. आणि ती साध्या पिवळ्या बल्बखाली धरायची, कारण बऱ्याच एलईडींचा उजेड पुरेसा लुकलुकतच नाही.

दुसऱ्या बाजूचा शेवट हा तुमचा खास विषय. ३३⅓ला तबकडीच्या कडेशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खोबणी सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच स्वरलहरी निम्म्याहून कमी जागेत दाटतात. ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’ आणि ‘विंड-अप’ नेमकी तिथेच. कार्ट्रिज किंचित तिरकं असलं, की जॉन इव्हानचा पियानो सुरुवातीलाच चिरकतो आणि ‘स’, ‘श’ थुंकल्यासारखे येतात. तुम्ही प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिजचा कोन जुळवायच्या छापील कागदावर) मधल्या खिळ्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटर अशा दोन्ही खुणांवर कार्ट्रिज सरळ बसेपर्यंत स्क्रू आवळत नाही. मग सुईचा आर्म तरंगता ठेवून वजनाचा आकडा शून्यावर, आणि तिथून त्या कार्ट्रिजला लागेल तेवढं सुईचं वजन, बहुधा दीड ते दोन ग्रॅम. वजन कमी ठेवलं की तबकडी वाचते, हा समज तुम्ही किती जणांच्या डोक्यातून काढलात! हलकी सुई खोबणीत उडते आणि भिंती ओरबाडते.

या अल्बममध्ये ब्लूज आणि इंग्लिश लोकसंगीत शेजारी नांदतात, म्हणून मळ लपत नाही. मार्टिन बारच्या विजेच्या गिटारीखाली चरचर झाकली जाते. ‘मदर गूस’मध्ये तोच बार रेकॉर्डर (बासरीसारखं वाद्य) वाजवतो, ‘वंडरिंग अलाउड’मध्ये अ‍ॅकॉस्टिक गिटार जवळ येते, आणि तिथे मुंबईच्या पावसाळ्यातली बुरशी टकटक करते. तबकडी पुसायला तुमचं मिश्रण: तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ मायक्रोफायबर, खोबणीच्या दिशेने गोल. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा हात, आणि सावलीत उभी वाळवायची. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना हे मिश्रण अजिबात नको, अल्कोहोलने लाख विरघळते. एवढं तुम्ही बाटलीवरच लिहून देता, ते बरं करता.

एक विनंती. तुमचा प्रोट्रॅक्टर लोक एकमेकांना स्कॅन करून पाठवतात. छापताना प्रिंटर तो कागदावर बसवण्यासाठी लहान करतो आणि दोन्ही खुणा सरकतात. कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ आखून द्या. छापल्यावर ती पट्टीने मोजावी आणि ९८ भरली तर कागद फेकून द्यावा.

आपले,
तबकड्या ऐकणारे