ग्राफिक्स कार्ड : थांबायचे तर कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र तयार करणारे नवे ग्राफिक्स कार्ड आता घ्यावे की पुढच्या पिढीची वाट पाहावी, या प्रश्नावर आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पानावर अधूनमधून सल्ला प्रसिद्ध होतो आणि तो बहुतेक वेळा ‘थोडे थांबा’ असाच असतो. संगणकांची जुळणी आणि दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्यामुळे हाच प्रश्न ग्राहक मलाही सतत विचारतात. थांबण्याच्या सल्ल्यामागे जे गृहीतक आहे ते एकेकाळी बरोबर होते. आज त्याच्या भरवशावर कोणाला थांबवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. त्यामागची कारणे वाचकांसमोर यावीत म्हणून हा पत्रप्रपंच.

दर दोन वर्षांनी नवी पिढी येते आणि जुन्याच किमतीत पुष्कळ जास्त ताकद मिळते, हे ते गृहीतक. २०१६ साली ते अक्षरशः खरे ठरले होते. त्या वर्षी आलेले एनव्हिडिया कंपनीचे मध्यम श्रेणीचे जीटीएक्स १०६० हे कार्ड २०१४ च्या वरच्या श्रेणीतील जीटीएक्स ९८० च्या तोडीस तोड काम करत होते आणि वीजही कमी खात होते, त्यामुळे ज्यांनी वाट पाहिली त्यांचा निखळ फायदा झाला. मात्र त्यानंतर हे चक्र बिघडत गेले. २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्याच कंपनीचे आरटीएक्स ३०८० जाहीर झाले तेव्हा कागदावर ते उत्तमच होते. पण टाळेबंदीतली मागणी, चिपची टंचाई आणि इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ते चलन कमावण्यासाठी कार्डांवर अखंड चालवलेली आकडेमोड) या तिन्हींमुळे २०२१ मध्ये ते जाहीर किमतीच्या दुपटीहूनही महाग विकले जात होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची कार्यपद्धती बदलली, कार्डांवरचे मायनिंग थांबले आणि किमती उतरल्या. त्या उताराची तारीख वर्षभर आधी कोणालाही खात्रीने सांगता आली नसती. मग २०२३ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०६० ची मेमरी ८ जीबी होती, तर त्याच्या आधीच्या पिढीतील आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी मेमरी होती. ज्यांनी दोन वर्षे थांबून हे नवे कार्ड घेतले त्यांना वेग थोडा जास्त मिळाला, पण मेमरी एक तृतीयांशाने कमी मिळाली. २०२५ च्या आरटीएक्स ५०७० लाही आधीच्या ४०७० इतकीच, म्हणजे १२ जीबी मेमरी आहे.

हे असे का होते, याचे उत्तर कंपन्यांच्या ताळेबंदात सापडते. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाचा महसूल सुमारे १३० अब्ज डॉलर होता. त्यातला सुमारे ११५ अब्ज डेटा सेंटरच्या व्यवसायातून आला आणि खेळांसाठीच्या कार्डांचा वाटा ११ अब्जांच्या आसपास राहिला. चिप ज्या कारखान्यांत बनतात त्यांची क्षमता मर्यादित आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारी चिप कितीतरी जास्त नफा देते, तेव्हा घरगुती ग्राहकाला प्राधान्य मिळणार नाही हे उघड आहे. २०२५ च्या उत्तरार्धात यात मेमरीच्या महागाईची भर पडली. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतांश डीरॅम, म्हणजे संगणकांत आणि कार्डांत लागणारी मेमरी बनवतात आणि त्या तिघींनीही आपली उत्पादनक्षमता डेटा सेंटरला लागणाऱ्या मेमरीकडे वळवली. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशिअल’ या नावाने चालणारा आपला ग्राहकांसाठीचा मेमरीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. ग्राफिक्स कार्डाच्या उत्पादनखर्चात मेमरीचा वाटा मोठा असतो, त्यामुळे ‘थांबलात तर स्वस्त मिळेल’ असे आज कोणी सांगितले तर ते कशाच्या आधारावर, असे विचारण्याचा वाचकांना अधिकार आहे.

याचा अर्थ सर्वांनी आजच खरेदीला धावावे असा मुळीच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, आपले सध्याचे कार्ड नेमके कोणते काम करताना अडते हे ज्याला सांगता येते त्याने ती अडचण दूर करणारे कार्ड मिळत असेल तर घ्यावे, आणि ज्याला हे सांगता येत नाही त्याने पुढची पिढी येवो वा न येवो, पैसे खर्च करू नयेत. अडचण ओळखण्याची रीत मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते.

सर्वांत जास्त गैरसमज मेमरीबद्दल आहे. कार्डाची मेमरी कमी पडते तेव्हा खेळ बंद पडेलच असे नाही. उलट सरासरी फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांचा, आकडा चांगला दिसत राहतो आणि त्यामुळे रोग लपतो. बिघाड दिसतो तो पडद्यावर. समोरची भिंत काही क्षण चिखल फासल्यासारखी सपाट दिसते, पाटीवरची अक्षरे जवळ गेल्यावरही उमटत नाहीत, मान वळवली की चित्र क्षणभर अडखळते आणि मग पुन्हा सुरळीत चालते. यामागचा हिशेब सोपा आहे. आरटीएक्स ४०६० ची चिप स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला २७२ जीबी वेगाने माहिती वाचू शकते. पण ती मेमरी भरली की उरलेली माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गाने आणावी लागते. या कार्डाला त्या मार्गाच्या आठच लेन (माहितीच्या समांतर वाटा) वापरता येतात, त्यामुळे त्या मार्गाची चौथी पिढी असलेल्या मदरबोर्डवर तो वेग सेकंदाला सुमारे १६ जीबी आणि तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर सुमारे ८ जीबी एवढाच राहतो. चिप कितीही वेगवान असली तरी ती या अरुंद वाटेवर ताटकळत उभी राहते. जुना संगणक तसाच ठेवून फक्त कार्ड बदलणाऱ्यांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो, आणि विक्रीच्या जाहिरातीत लेनचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

मोठ्या खेळांची मेमरीची भूक अचानक वाढलेली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या खेळांच्या दोन्ही यंत्रांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांची मिळून १६ जीबी सामाईक मेमरी आहे. सुरुवातीची काही वर्षे खेळ जुन्या यंत्रांनाही चालतील असे बनवले जात होते. ते बंधन सुटू लागले तसे ८ जीबीच्या कार्डांची दमछाक सुरू झाली. त्रिमित ॲनिमेशन करणाऱ्यांची अडचण आणखी थेट असते, कारण दृश्य कार्डाच्या मेमरीत मावले नाही तर रेंडर, म्हणजे अंतिम चित्र तयार करण्याचे काम, एकतर थांबते किंवा असह्य रेंगाळते. घरच्या संगणकावर भाषेची मॉडेल (चॅटबॉटमागची कृत्रिम बुद्धिमत्ता) चालवणाऱ्यांना तर साधा गुणाकार पुरतो. ८ अब्ज पॅरामीटरचे (मॉडेलमध्ये साठवलेल्या आकड्यांचे) मॉडेल प्रत्येकी १६ बिटमध्ये ठेवायचे तर केवळ त्याच्यासाठी १६ जीबी लागतात आणि ४ बिटमध्ये आवळले तर ४ जीबी लागतात. संदर्भासाठी, म्हणजे चालू संभाषण लक्षात ठेवण्यासाठी, लागणारी जागा त्याहून वेगळी. ज्यांचे काम असे मेमरीपाशी अडते त्यांनी वाट पाहण्यात मला काहीच हशील दिसत नाही, कारण कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही आणि ती स्वस्त होण्याची चिन्हेही नाहीत.

दुसऱ्या टोकाला असे पुष्कळ लोक आहेत की ज्यांचे कार्ड निर्दोष असते आणि दोष दुसरीकडेच असतो. त्याची परीक्षा कोणालाही घरी करता येते. खेळ चालू असताना रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) एक पायरी खाली आणावे. फ्रेम लक्षणीय वाढल्या तर भार कार्डावर होता. त्या जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर मागे पडतो आहे आणि नवे कार्ड बसवून काहीही साधणार नाही. माझ्याकडे नवे कार्ड घेण्यासाठी आलेल्या एका विद्यार्थ्याच्या संगणकात कार्डाचा वापर ६० टक्क्यांच्या वर जातच नव्हता, कारण संगणकाच्या मुख्य मेमरीची एकच पट्टी बसवलेली असल्याने प्रोसेसरला माहिती वेळेवर पोहोचत नव्हती. दुसरी पट्टी बसवल्यावर त्याला नव्या कार्डाची गरज उरली नाही. पंख्यात साचलेली धूळ आणि चिपवर वाळून गेलेली, उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट यांमुळेही कार्ड तापते आणि स्वतःचा वेग कमी करते; सफाई आणि पेस्ट बदलण्याचे काम खरेदीच्या आधी करून घ्यावे.

मॉनिटरचाही विचार आधी व्हायला हवा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, २५६० बाय १४४० वर सुमारे ३७ लाख आणि ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख. पहिल्या प्रकारचा, सेकंदाला ६० वेळा बदलणारा पडदा असलेल्या माणसाने वरच्या श्रेणीचे कार्ड घेतले तर त्याची अर्धी ताकद पडद्यावर येतच नाही.

ज्यांना खुशाल थांबता येईल असा एक मोठा वर्ग आहे, आणि त्यांच्यापर्यंत ही गोष्ट नीट पोहोचलेली नाही असे मला वाटते. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने डीएलएसएस या चित्र मोठे करण्याच्या तंत्राचे नवे, ट्रान्सफॉर्मर पद्धतीचे मॉडेल आणले. कमी रिझोल्यूशनमध्ये काढलेले चित्र मोठे करताना ते आधीपेक्षा बरेच स्वच्छ दिसते, आणि ही सुधारणा २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपासूनच्या सर्व आरटीएक्स कार्डांना फुकट मिळाली. नव्या ५० मालिकेपुरते राखून ठेवले आहे ते एकाऐवजी अनेक कृत्रिम फ्रेम मध्ये घालण्याचे तंत्र. त्यामुळे पडद्यावरचा आकडा फुगतो, हालचाल गुळगुळीत दिसते. पण माऊस हलवल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ त्यामुळे कमी होत नाही. जाहिरातीतल्या दुप्पट-तिप्पट वेगाच्या आकड्यांत बहुधा याच फ्रेम मोजलेल्या असतात. मेमरी पुरेशी असलेले ३० मालिकेचे कार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्या आकड्यांनी विचलित होऊ नये.

जीटीएक्स १० मालिका वापरणाऱ्यांना मात्र असे आश्वासन मला देता येत नाही. ही कार्डे फार गुणी निघाली. परंतु त्यांच्यासाठी नव्या खेळांना अनुसरून ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले असून यापुढे केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. शिवाय २०२४ च्या अखेरीपासून असे काही मोठे खेळ आले आहेत की जे रे-ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याची) सोय नसलेल्या कार्डावर सुरूच होत नाहीत. जुने खेळ आणि कार्यालयीन काम यांपुरते हे कार्ड अजूनही चालेल. नवे खेळ हवे असतील तर पुढच्या पिढीची वाट पाहण्याचे काही प्रयोजन नाही. अशांनी केवळ एका कंपनीकडे पाहू नये. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या आर्क बी५८० ला १२ जीबी आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ९०७० ला १६ जीबी मेमरी आहे. इंटेलचे कार्ड घेताना मदरबोर्डवर रिसायझेबल बारची (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय आहे ना, हे तपासावे. ती नसेल तर त्या कार्डाचा वेग फार घसरतो.

पॉवर सप्लायचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाचा, खर्च हिशेबात धरला जात नाही, तोही धरावा. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट पुरतात, आरटीएक्स ३०८० ला ३२० वॉट लागतात आणि आरटीएक्स ५०९० ला ५७५ वॉट. वापरलेले कार्ड घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी ते पूर्ण भारावर अर्धा तास चालवून पाहावे आणि चिपबरोबर मेमरीचेही तापमान वाचावे. मायनिंगला जुंपलेल्या कार्डांत मेमरीवरचे, उष्णता बाहेर नेणारे थर्मल पॅड निकामी झालेले असू शकतात, आणि केवळ चिपचे तापमान पाहून ते लक्षात येत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. कार्डांची तुलना छापताना सरासरी फ्रेमच्या आकड्याबरोबर मेमरी, लेन आणि किमान पॉवर सप्लाय हे तीन रकाने द्यावेत. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही कार्डे एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळतात, आणि १६ जीबीच्या कार्डाची चाचणी वाचून ८ जीबीचे कार्ड घेऊन आलेले ग्राहक मी पाहिले आहेत. चाचणी कोणत्या प्रकारावर झाली, हे मथळ्यातच लिहिले जावे.

आपली विश्वासू,
संगणक जुळणी व दुरुस्तीचा व्यवसाय करणारी एक वाचक