आवाहन : दिव्यांग खेळाडूंचा संध्याकाळचा वर्ग वाढावा म्हणून

सर्व सभासद, माजी खेळाडू, देणगीदार आणि हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

काल रात्री कार्यकारिणीची बैठक संपली तेव्हाच हे पत्र आज पाठवायचे ठरले, त्यामुळे थेट विषयाला हात घालतो. आपल्या मैदानावर आठवड्यातून दोन संध्याकाळी पाऊण-पाऊण तास जो दिव्यांगांचा वर्ग भरतो, तो पुढच्या महिन्यापासून चार संध्याकाळी भरवायचा आहे. नवी नावे भराभर आली आहेत. यादी माझ्यासमोर आहे आणि तिच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना मी ‘जरा थांबा’ असा निरोप दिला आहे. ही माणसे शाळेच्या दारापासून बसच्या पायरीपर्यंत सगळीकडे हेच ऐकत आली आहेत. आता आपल्याकडूनही त्यांना तेच ऐकावे लागले, हे मला फार लागले आहे.

हा वर्ग कसा सुरू झाला ते जुन्यांना ठाऊक आहे, नव्या सभासदांसाठी पुन्हा लिहितो. वार्षिक क्रीडा महोत्सवात आपण एका मुलाचा व्यासपीठावर सत्कार केला, फोटो काढले आणि मग त्याची व्हीलचेअर सीमारेषेबाहेर नेऊन ठेवली. दिवसभर तो टाळ्या वाजवत होता. संध्याकाळी त्याने गुरुजींना विचारले, “सर, पण मी खेळायचं कधी?” दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी व्हॉलीबॉलचे जाळे सोडून १.१५ मीटरवर बांधले, १० बाय ६ मीटरचे छोटे मैदान चुन्याने आखले आणि आपल्या पहिल्या संघाला जमिनीवर बसवले. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलमध्ये चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचलायचे नसते. उंच उडी मारून स्मॅश मारणारे आपले गडी दहा मिनिटांत धापा टाकू लागले. त्या दिवशी दिव्यांग खेळाडू तिघेच होते, पण त्या तिघांमुळे आपला संघ नवा खेळ शिकला.

त्यानंतर जे उभे राहिले ते ज्यांच्यामुळे, त्यांचे ऋण मान्य केल्याशिवाय पुढे लिहिणे बरे नव्हे. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी जुना चेंडू उसवून आत घुंगरू भरले आणि स्वतःच्या हाताने शिवला. चेंडूचा आवाज ऐकून तो अडवायचा असा अंध मुलांचा खेळ, गोलबॉल, आपल्याकडे त्या चेंडूवर सुरू झाला. या खेळात थोडे दिसणाऱ्यालाही आणि अजिबात न दिसणाऱ्यालाही डोळ्यांवर सारखीच पट्टी बांधावी लागते. रेषेखाली दोरी चिकटवलेली असते, ती हातापायांनी चाचपून खेळाडू आपली जागा ओळखतो. चेंडू चालू असताना प्रेक्षकांनी गप्प राहायचे असते, आणि आपल्या मैदानावर अशी शांतता मी आयुष्यात प्रथम तिथे ऐकली. पुढे एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ खरे गोलबॉल दिले. बाईंचा चेंडू आता कार्यालयातल्या कपाटात जपून ठेवला आहे.

वेल्डिंगचे काम करणाऱ्या आपल्या काकांनी बोचासाठी, म्हणजे आपले रंगीत चेंडू पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ नेण्याच्या खेळासाठी, पाइपांची घसरण बनवून दिली, मजुरीचा विषयही काढू दिला नाही. ज्यांना हाताने चेंडू टाकता येत नाही, ते अशा घसरणीवरून सोडतात आणि मदतनीस तिची दिशा बदलतो. नियम असा, की मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून खेळाडूकडे तोंड करायचे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या एका मुलाची आई त्याची मदतनीस आहे. इतकी वर्षे त्याचे सगळे तीच ठरवत आली. इथे तिला पांढरा चेंडू दिसतच नाही. तो डोळ्यांनी खुणावतो, थोडे डावीकडे, अजून थोडे, बस, आणि ती तेवढेच करते. पहिल्या दिवशी त्याचा लाल चेंडू पांढऱ्याला जाऊन टेकला, तेव्हा काय झाले हे तिला मुलाच्या चेहऱ्यावरून कळले. ज्यांनी हे पाहिले नाही त्यांनी एकदा यावे, देणगी न देता नुसते पाहायला आले तरी चालेल.

२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १६ जखमी माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. १९६० मध्ये रोमला पॅरालिंपिक झाले, त्याची मुळे तिथली. युद्धात गोळ्या लागलेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. मग आपल्याच दारातल्या दोन पायऱ्या का राहिल्या?

मागच्या वर्षीही असेच पत्र पाठवले होते. उत्तरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली, आणि जी आली त्यांतल्या काहींनी ‘त्यांच्यासाठी वेगळ्या संस्था असतात ना?’ असे विचारले. ज्यांना या मैदानाने घडवले त्यांच्याकडून हे ऐकताना वाईट वाटले, लपवत नाही. ‘पडले-झडले तर जबाबदारी कोणाची?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. प्रत्येक खेळाडूची वैद्यकीय माहिती आपण लिहून घेतो आणि प्रथमोपचार जाणणारा माणूस असल्याशिवाय वर्ग भरत नाही. आणि न खेळण्याचेही नुकसान असतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग प्रौढांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे, इतरांना सांगितला तेवढाच. आपला वर्ग सध्या ९० मिनिटे देतो. चार संध्याकाळी झाल्या की १८० होतील.

आता गरजा. दारातल्या पायऱ्यांची उंची मिळून ३० सेंटिमीटर आहे, १ ला १२ या प्रमाणात ३.६० मीटर लांबीचा उतार आणि दोन्ही बाजूंना कठडे हवेत. सध्याची फळी इतकी उभी आहे की खुर्ची चौघांना उचलावी लागते, आणि एका मोठ्या माणसाने मला स्पष्ट सांगितले, “मला सामानासारखं उचलू नका.” स्वच्छतागृहाचे दार ९० सेंटिमीटर रुंद करायचे आहे. तिरप्या चाकांच्या, पट्ट्याच्या आणि मागे आधारचाक असलेल्या दोन खेळाच्या व्हीलचेअर हव्यात, रोजच्या खुर्च्या वळताना कलंडतात. कर्णबधिर धावपटूंसाठी सुरुवातीचा दिवा हवा.

पैशाइतकीच माणसे हवीत. अंध धावपटूंबरोबर दोरी धरून धावणारे किमान सहा जण, त्यांच्याहून थोडे वेगवान. ओढायचे नाही, आणि शेवटची रेषा खेळाडूने आधी ओलांडायची. शिकवणी गुरुजी देतील.

देणगी महिनाअखेरपर्यंत, संध्याकाळी सहा ते आठ, कार्यालयात खजिनदारांकडे. रोख किंवा धनादेश (संस्थेच्या नावे), वस्तुरूपाने देणाऱ्यांनी आधी विचारावे, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये, हिशेब सूचनाफलकावर लागेल. स्वयंसेवकांनी नाव व मोकळे दिवस वहीत लिहावेत.

आपला,
सचिव (कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : मागच्या वर्षी ज्यांनी देणगी दिली त्यांच्यापैकी काहींच्या पावत्या अजून इथेच आहेत. येताना आठवणीने मागून घ्याव्यात.