दोन बॅगांच्या वर्षातली माणसं

ऑगस्ट ते मे, घर म्हणजे दोन बॅगा. सोरॉरिटीची, अर्थात अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या संघटनेची, फिरती सल्लागार म्हणजे काय, हे साताऱ्याच्या आजीला शेवटी 'मुलींच्या वसतिगृहांची इन्स्पेक्टर' असं सांगून टाकलं. हिशेब, नव्या मुलींची भरती, रात्री एकला रडत दार वाजवणारी अध्यक्षीण, हे सगळं फोनवर कुठं सांगणार!

आभार मानायचेत ते नाव विचारायचं राहून गेलेल्यांचे. कॅन्सस सिटीहून लॉरेन्सला जाताना आय-७० वर बर्फात टायर बसला, तेव्हा पिकअप थांबवून स्टेपनी लावणारे काका, तुमचे हातमोजे अजून माझ्याकडेच आहेत. तुम्ही फक्त "हळू जा" म्हणालात आणि पुढच्या एक्झिटपर्यंत मागे मागे आलात.

टस्कलूसाच्या स्वयंपाकीणबाई, भरतीच्या धबडग्यातही माझं बिनबीफचं ताट झाकलेलं असायचं. आणि सिरॅक्यूज, सोरॉरिटी हा शब्दच जिथं जन्मला ते गाव: माझी बॅग भलत्याच शहरात उतरली, तेव्हा अंगातला कोट काढून देणारी पहिल्या वर्षाची मुलगी. तिला मी शिकवायला गेले होते म्हणे.

ॲटलांटा विमानतळावरच्या सफाईवाल्या मावशी, गेट बदललंय सांगायला तुम्ही धावत आलात. ते विमान मिळालं.