आर्कनॉइडचं किट बसलं, हात लावलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार

टायटो कंपनीच्या १९८६ च्या आर्कनॉइडचं (बॅटनं चेंडू मारून विटा फोडायचा आर्केड गेम) किट, म्हणजे जुन्या मशीनमध्ये दुसरा गेम बसवायचा संच, अखेर आपल्या कोल्हापुरातल्या कॅबिनेटमध्ये (नाणं टाकून खेळायच्या मशीनच्या पेटीत) चालू झालं, आणि नावं घालू नको म्हणालेल्या सगळ्यांना जाहीर थँक्यू म्हटल्याशिवाय राहवत नाही.

कॅबिनेट होतं फायटिंग गेमचं, स्क्रीन आडवी आणि जॉयस्टिक, ह्या गेमला पाहिजे उभी स्क्रीन आणि गोल फिरणारा नॉब. टीव्ही रिपेअरवाल्या काकांनी आधी पिक्चर ट्यूब डिस्चार्ज केली (बंद सेटमधला करंट पण लय वाईट, माहिती नसताना हात घालू नका), मग ती फ्रेमसकट उभी केली आणि रंगाचे डाग पडले ते डिगॉस कॉइल (ट्यूबमधलं चुंबकत्व घालवणारी कॉइल) फिरवून घालवले.

उद्यमनगरातल्या लेथवाल्या दादांनी तर कमालच केली, नॉबचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) झिजलेला, त्यांनी नवा करून दिला आणि पैसेच घेईनात. आत खाचांची चकती असते, दोन सेन्सर त्या खाचा मोजतात आणि कुठला आधी लागला त्यावरनं दिशा कळते, त्यामुळं दांडा जरा डुगडुगला की बॅट अडखळते, आता लोण्यासारखी सरकतीय.

वायरिंगवाल्या पोरांनो, पाच व्होल्ट सप्लायवर नव्हे, गेमच्या सर्किट बोर्डावर मोजायचे हे तुमच्याकडनं शिकलो, वायरीत थोडे व्होल्ट कमी होतातच आणि मग गेम मध्येच रीसेट मारतोय. सुतारमामांनी जुनं आर्टवर्क न खरवडता नवा पॅनेल बसवला, म्हणजे कॅबिनेट कधीही परत मूळ रूपात आणता येतंय, हे मला सगळ्यात आवडलं.

रविवारी सगळ्यांनी खेळायला यायचं, पहिला डाव लेथवाल्या दादांचा.