गाण्याच्या बाई मिळाल्या, खोली गेली

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे ठाण्याहून येणारी पत्रं बहुतेक खड्ड्यांवर, पाण्यावर नाहीतर रिक्षावाल्यांवर असतात. माझं पत्र एका खोलीबद्दल आहे. साधारण दहा बाय बारा, वर पंखा, खाली सतरंजी. एवढी जागा नौपाडा, चरई, पाचपाखाडीत गाणं शिकवणाऱ्या माणसाला परवडेल अशा भाड्यात मिळत नाही. गेले आठ महिने मी माझ्या गाण्याच्या बाईंसाठी ती शोधते आहे.

मी एमटीएनएलमध्ये, म्हणजे सरकारी टेलिफोन कंपनीत होते. नोकरीची बरीच वर्षं 197 वर बसून लोकांना नंबर सांगण्यात गेली. "कुलकर्णी पाहिजेत, मुलुंडचे" एवढ्या माहितीवर कुलकर्णी काढून द्यायचे. 31 जानेवारी 2020 ला आम्ही हजारो जणांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तुमचा आवाज छान आहे हो, असं फोनवर अनेक जण म्हणायचे. ते मी मनावर घेतलं आणि चौपन्नाव्या वर्षी गाणं शिकायचं ठरवलं. बोलायचा गळा वेगळा आणि गायचा वेगळा, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

ठरवलं आणि मार्चमध्ये लॉकडाऊन. मग पुण्याच्या एका सरांकडे ऑनलाइन शिकायला लागले. त्यांनी सा लावायचा आणि मी त्यात मिसळायचं, तर माझा सा तिकडे पोचेपर्यंत ते रे वर गेलेले. व्हिडिओ कॉलवर दोघांना एकत्र गाताच येत नाही, आळीपाळीनेच गावं लागतं. तानपुऱ्याची तर आणखीच गंमत. तो एकसारखा चालू राहतो म्हणून त्या यंत्रणेला पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाट वाटतो आणि ती तो दाबून टाकते. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, हे भाचीने दाखवलं तोवर चार महिने उलटले होते. सगळी हयात टेलिफोन खात्यात काढून लाइनीनेच मला हरवलं, असं आमच्याकडे अजून चिडवतात.

निर्बंध उठल्यावर घोडबंदर रोडवरच्या एका क्लासमध्ये नाव घातलं. काचेचं दार, एसी, भिंतीवर गिटार. तीन महिन्यांचे 9000 रुपये आगाऊ, परत मिळणार नाहीत अशी बारीक अक्षरातली ओळ. पहिल्याच आठवड्यात परीक्षेचा फॉर्म हातात आणि गॅदरिंगचं गाणं पाठ करायला. बॅचमध्ये अकरा जण, त्यातली आठ शाळकरी मुलं. सगळ्यांना मिळून एकच पट्टी, म्हणजे सा धरायची उंची: काळी चार, पेटीच्या सप्तकातली चौथी काळी. मुलांना ती सहज जायची. मला वरच्या सा ला पोचताना घशात काटा टोचल्यासारखं व्हायचं. तसं सांगितलं तर म्हणाले, प्रॅक्टिस करा, होईल. तीन महिन्यांत तीन शिक्षक बदलले. पुढे आवाजच बसला आणि मी जाणं सोडलं. नऊ हजार गेले त्याचं फार वाटलं नाही, पण आपल्याला गळाच नाही अशी खात्री होऊन बसली, त्याचं फार वाटलं.

शिक्षक कसा शोधावा याचं उत्तर मला एका पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांकडे मिळालं. सासूबाईंची जुनी पेटी माळ्यावर होती. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकायच्या आणि भाता कुठून तरी सुस्कारे टाकायचा. ती घेऊन गेले. काकांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाले, "ताई, ही वाजलेलीच नाहीये. क्लासवाल्यांच्या पेट्या आतून ओळखू येतात." मग त्यांनीच सांगितलं की चरईत एक बाई आहेत, त्यांची पेटी दर दोन वर्षांनी येते, मधल्या सप्तकाच्या पट्ट्या अगदी झिजलेल्या. आता मला कुणी विचारलं तर मी हेच सांगते. जाहिराती बघू नका, पेटी-तबला दुरुस्त करणाऱ्याला विचारा. कुणाचं वाद्य रोज वाजतं आणि कुणाचं शोभेला आहे, हे त्याला ठाऊक असतं.

बाईंचं घर तीन मजली जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाणं म्हणायला सांगितलंच नाही. पेटीवर एकेक पट्टी दाबत गेल्या आणि नुसता आ लावायला सांगितला. वर गेल्या, खाली आल्या, शेवटी पांढरी चारवर थांबल्या. "ही तुमची. घोडबंदरला काय केलं ते विसरा." म्हणजे मी जिथे तीन महिने गळा फाडत होते, त्याच्या तीन घरं खाली माझा सा मुकाट बसला होता. बायकांनी काळी चारमध्येच गायला पाहिजे असा काही नियम नाही, वयाबरोबर गळा उतरतोही, आणि शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगलांचा आवाज किती खालच्या पट्टीत होता ते आठवा, असं त्या म्हणाल्या.

दीड महिना पहाटे नुसता खर्ज, म्हणजे खालचे स्वर धरून ठेवायचे. मग अलंकार, म्हणजे ठरावीक क्रमाने स्वर म्हणायचे, मग भूप राग. सा रे ग प ध, पाचच स्वर, त्यामुळे वाटलं सोपा असेल. तसा नाही. म आणि नी वाटेत उभे असतात आणि त्यांना न शिवता पुढे जायचं असतं. तालात मी कच्ची आहे. त्रितालाच्या सोळा मात्रांतली नववी म्हणजे 'खाली', तिथे टाळी द्यायची नसते, आणि नेमका तिथेच माझा हात हटकून टाळी देतो. बाई थांबतात, हसत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून. महिन्याला 1200 रुपये, आठवड्यातून दोन दिवस, आणि एका वेळी तीनच जण. परीक्षांना त्यांचा विरोध नाही. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढून विशारदपर्यंत गेलेली मुलं त्यांच्याकडे आहेत. फक्त फॉर्म कधी भरायचा ते त्या ठरवतात, पालक नाही.

आता मुद्द्यावर येते. मागच्या वर्षी ती इमारत पुनर्विकासाला गेली. नौपाडा-चरईत दर दोन गल्ल्यांत हिरव्या जाळीत गुंडाळलेली एक तरी इमारत आहे, त्यामुळे यात नवल काही नाही. बाईंनाही नवं घर मिळेल, चांगलं आहे. पण तोवरची तीन-चार वर्षं? बिल्डर देतो त्या भाड्यात ठाण्यात जागा मिळाली असती, पण एजंटचा पहिला प्रश्न "फॅमिली ना?" आणि दुसरा "घरात क्लास वगैरे नाही ना?" बाई खोटं बोलत नाहीत. त्या बदलापूरला गेल्या. अठरा विद्यार्थ्यांपैकी तिथवर जाणारी दोघं उरली.

मग मी माझ्या घरचा हॉल दिला. मंगळवार-शुक्रवार बाई पाऊण तास लोकलने येणार, चार ते सात शिकवणार, परत जाणार. पाचव्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, सदनिकेचा व्यावसायिक वापर होतोय, बाहेरची माणसं येतात, लिफ्ट व्यापते, आवाज होतो. आवाज होतो हे मी नाकारत नाही. आमच्यातली एक सहावीतली मुलगी तार सप्तकात गेली की समोरच्या विंगेतले पडदे हलतात. शेजारच्या आजोबांना दुपारी झोप लागते, त्यांचंही खरं आहे. पण निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे हे मला ज्या सेक्रेटरींनी तोंडपाठ सांगितलं, त्यांनी सोसायटीच्या गणपतीत जिन्याखाली ठेवलेल्या दोन स्पीकरांची भिंत कधी मोजली नव्हती. असो. घरात भांडण नको म्हणून क्लास बंद केला.

वाशीला का जात नाही, असं काही जण विचारतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू वाशीत आहे, तिथे जाणाऱ्यांनी जरूर जावं. पण आठ वर्षांच्या मुलीला शाळेनंतर ट्रान्स हार्बरच्या लोकलने आणायचं-न्यायचं कुणी? आणि शिक्षक काय पोस्ट ऑफिस आहे, की एक बंद असलं तर दुसऱ्यात जावं? माझी पट्टी सापडायला तीन वर्षं लागली.

थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गुरूच्या घरी पाणी भरून शिकायचं गाणं त्यांनी वर्गात आणलं, फी भरून कुणालाही शिकता येईल असं केलं. पुढे ते मुंबईला आले, कर्ज काढून शाळेची मोठी इमारत बांधली, आणि कर्ज फिटेना म्हणून ती हातची गेली. इतक्या मोठ्या माणसालाही जागेनेच रडवलं, हे अलीकडे मला सारखं आठवतं.

आपली ठाणे महापालिका गायक-नट पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत महोत्सव घेते. मी जाते, पुढची खुर्ची मिळावी म्हणून लवकर जाते. पण व्यासपीठावर गाणारी माणसं कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी सतरंजीवर तयार होतात. त्याच महापालिकेच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात. माझ्या घराजवळच्या शाळेत सहानंतर फक्त रखवालदार असतो. तिथली एक वर्गखोली गाणं, पेटी, तबला शिकवणाऱ्यांना आठवड्यातले दोन दिवस नाममात्र भाड्याने द्यावी, एवढंच मागणं आहे. लग्नाच्या हॉलचा दर लावू नये, कारण 1200 रुपये फी घेणाऱ्या बाईला तो झेपत नाही. विजेचं बिल भरू, खोली झाडून देऊ. हे सांगायला मी एका कचेरीत गेले होते. तिथून दुसऱ्या टेबलावर, तिथून दुसऱ्या कचेरीत, आणि तिथे "असं कुणी आजवर मागितलं नाही" असं उत्तर मिळालं. म्हणून हे पत्र. आता मागितलं आहे, तेही छापील.

ज्यांच्याकडे अशी रिकामी खोली असेल, मग ती देवळाची असो, वाचनालयाची असो की बंद पडलेल्या बालवाडीची, त्यांनीही विचार करावा. आम्हाला माइक लागत नाही. पेटी आमची, तानपुरा मोबाइलवर.

सध्या मी मंगळवारी दुपारची गाडी धरून बदलापूरला जाते. शुक्रवार सुटला आहे, गुडघे परवानगी देत नाहीत. नववी मात्रा अजून चुकते.

पत्राखाली नाव छापू नये ही विनंती, नाहीतर आमच्या ग्रुपवर पुन्हा मेसेज येईल. पण महापालिकेने शाळेची खोली दिलीच, तर किल्ली रखवालदाराकडून घ्यायला आणि परत द्यायला मी स्वतः जाईन. माझ्या घरापासून शाळा चालत पाच मिनिटांवर आहे.

आपली,
एक वाचक,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)