बॅरिस्टरीची वाट आणि तिचं वेळापत्रक: ताई-भाऊजींना लंडनहून पत्र

लंडन, 9 नोव्हेंबर 2025

ती. ताई आणि भाऊजी यांस,
सा. न. वि. वि.

चिनूच्या बॅरिस्टरीबद्दल तुम्ही विचारलेलं फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. पत्र तिलाही वाचायला द्या.

भाऊजी, आधी तुमचा प्रश्न. इथून बॅरिस्टर होऊन आली की मुंबई हायकोर्टात थेट उभी राहील का? नाही. तो जमाना गेला. ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 च्या कलम 24 मध्ये बॅरिस्टरांसाठी जी सवलत होती, ती 31 डिसेंबर 1976 पर्यंत ‘कॉल’ झालेल्यांपुरतीच, म्हणजे तोवर बॅरिस्टर म्हणून दाखल झालेल्यांपुरतीच. आता मुंबईत वकिली करायची तर भारतात मान्य असलेली कायद्याची पदवी, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद आणि ऑल इंडिया बार परीक्षा हाच रस्ता. दारावर ‘बॅरिस्टर’ अशी पाटी लागेल, पण त्या पाटीने वकीलपत्र दाखल करता येत नाही. म्हणून चिनूला शेवटी मुंबईतच वकिली करायची असेल तर या वाटेवर पैसे घालू नका. इंग्लंडच्या कोर्टात उभं राहायचं असेल तरच पुढचं वाचा. आणि काहीही ठरलं तरी एलएलबीचा निकाल लागला की सनद घेऊन ठेवायला सांगा. सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली सांगितल्यापासून नोंदणीला कायद्यात लिहिलेले 750 रुपयेच घेता येतात. ही सनद पुढे इथेही उपयोगी पडते, ते शेवटी सांगतो.

इथे बॅरिस्टर होण्याचे तीन टप्पे आहेत. कायद्याचं शिक्षण, मग बार कोर्स, मग पुपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली उमेदवारीचं एक वर्ष. बार स्टँडर्ड्स बोर्ड ही यावरची नियामक संस्था. पूर्वी ज्याला बीव्हीसी आणि नंतर बीपीटीसी म्हणायचे, त्याच्याच जागी 2020 पासून हे नवे बार कोर्स आले. जुन्या लोकांकडून चौकशी केलीत तर ती जुनी नावं कानावर येतील, गोंधळू नका.

आपल्याकडचा पाच वर्षांचा एलएलबी इथे सहसा जसाच्या तसा चालत नाही. जीडीएल (ग्रॅज्युएट डिप्लोमा इन लॉ) नावाचा एक वर्षाचा कोर्स करावा लागतो. त्यात करार, टॉर्ट (दिवाणी अपकृत्यं), फौजदारी, जमीनविषयक कायदा, इक्विटी आणि ट्रस्ट, सार्वजनिक कायदा आणि युरोपीय संघाचा कायदा हे सात पायाभूत विषय असतात. पदवीचा दर्जा किमान टू-टूच्या, म्हणजे इथल्या सेकंड क्लासच्या खालच्या श्रेणीच्या, तोडीचा हवा. ती तोड कॉलेज ठरवतं, तेव्हा फी भरण्याआधी गुणपत्रिका पाठवून लेखी उत्तर घ्या. इंग्रजीसाठी आयईएल्ट्सच्या चारही भागांत 7.5 लागतील असं धरून चाला. सरासरी नव्हे, प्रत्येक भागात. बोलण्यात आठ आणि लिहिण्यात सात मिळवून अडकणारी मुलं बरीच असतात.

आता खरी मेख. लोकांना वाटतं बार कोर्स अवघड, तो झाला की झालं. प्रत्यक्षात कोर्सला प्रवेश मिळतो, पण पुपिलेज मिळत नाही. दर वर्षी कोर्सला दोन हजारांच्या वर मुलं बसतात आणि पुपिलेजच्या जागा पाचशे-सहाशेच्या आसपास. शिवाय आधीच्या वर्षी राहिलेलेही रांगेत असतात. कोर्स संपल्यावर पाच वर्षांच्या आत पुपिलेज सुरू झालं नाही तर त्या कोर्सची मुदत संपते. पुपिलेजशिवाय इनने, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेने, ‘कॉल’ केला, समारंभ झाला, फोटो निघाले, तरी वकिली करता येत नाही.

म्हणून अर्जाचं वेळापत्रक आधी बघायचं आणि त्यावरून कोर्सचं ठरवायचं. बहुतेक चेंबर्स, म्हणजे बॅरिस्टरांची सामायिक कार्यालयं, इथल्या बार कौन्सिलच्या ‘पुपिलेज गेटवे’ या वेबसाइटवरून अर्ज घेतात. जाहिराती नोव्हेंबरअखेर दिसायला लागतात, अर्ज जानेवारीत सुरू होऊन फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंद होतात, मुलाखती वसंतात आणि उत्तर मे महिन्यात. एका वर्षी जास्तीत जास्त वीस चेंबर्सना अर्ज करता येतो. मेमध्ये मिळालेली जागा साधारण पुढच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनची असते.

हे चिनूला लावून बघू. 2026 च्या उन्हाळ्यात तिची पदवी, सप्टेंबर 2026 पासून जीडीएल, सप्टेंबर 2027 पासून बार कोर्स, तो संपणार जून 2028 ला. पहिला अर्ज जीडीएल चालू असतानाच, जानेवारी 2027 मध्ये टाकला आणि यश आलं, तर पुपिलेज 2028 च्या शरदात सुरू होऊन 2029 च्या शरदात संपेल. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्षाचा मिळणार आहे, त्यात हे कसंबसं बसतं. पण ‘आधी कोर्सला तर बसू, अर्ज मग बघू’ असं करून पहिला अर्ज जानेवारी 2028 ला गेला, तर पुपिलेज 2029 च्या शरदात सुरू होईल आणि अर्ध्यातच व्हिसा संपेल. मग चेंबर्सना किंवा बार कौन्सिलला स्पॉन्सर व्हायला विनवण्या करत बसायचं. ती सोय आहे, पण तिच्या भरवशावर घर गहाण टाकू नये.

पैशांचं स्पष्टच लिहितो. जीडीएलला साधारण दहा ते चौदा हजार पौंड, बार कोर्सला तेरा ते वीस हजार. लंडनमध्ये राहणं-खाणं काटकसरीने वर्षाला पंधरा हजार धरा. दोन वर्षांचा हिशोब साठ लाख रुपयांच्या खाली येत नाही. व्हिसासाठी नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग 28 दिवस खात्यात दिसावा लागतो. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जातो, त्यामुळे त्या महिन्यात त्या खात्यातून काहीही भरू नका. आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, तोही व्हिसा अर्जाबरोबरच भरायचा. विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं आणि स्वतःचा व्यवसाय अजिबात नाही.

यातला मोठा भार हलका करू शकते ती इनची शिष्यवृत्ती. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या चार संस्थांपैकी एकीचं सभासद व्हावंच लागतं, बार कोर्स सुरू होण्याच्या किमान बारा आठवडे आधी. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र त्याच्या कितीतरी आधी. जीडीएलसाठी मेच्या सुरुवातीला, बार कोर्ससाठी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला. अर्ज एकाच इनकडे करता येतो. भाऊजी, बाबासाहेब ग्रेज इनचे, म्हणून चिनूही तिथलीच व्हावी, ही तुमची इच्छा समजते. 1916 साली नाव घालून, शिष्यवृत्ती संपल्यामुळे मध्ये परत जाऊन, पुन्हा येऊन ते 1922 साली तिथून बॅरिस्टर झाले. भावना चांगलीच आहे. फक्त वकिलीच्या दृष्टीने चारही इन सारख्या, चेंबर्सवाले त्यावरून कुणाला घेत नाहीत की नाकारत नाहीत. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला कुठली इन बोलावते, किती जणांना बोलावते, हे बघून ठरवा. सगळं सारखं निघालं तर ग्रेज इन.

ताई, तू विचारलंस की नुसती जेवणं जेवून बॅरिस्टर होतात हे खरं का. जेवणं आहेत, पण आता त्यांना क्वालिफायिंग सेशन म्हणतात आणि दहा पूर्ण करावी लागतात. व्याख्यानं, वक्तृत्वाचे वर्ग, शनिवार-रविवारची निवासी शिबिरं यांचीही त्यात गणती होते. शाकाहारी जेवण आधी कळवलं की मिळतं. इनच्या प्रवेशअर्जात चारित्र्याचे प्रश्न असतात. कॉलेजात कॉपी किंवा वाङ्मयचौर्याबद्दल साधी ताकीद मिळाली असेल तरी ती लिहावी. ताकीद बहुधा माफ होते, लपवल्याचं मात्र बाहेर आलं की निभत नाही.

कोर्सचं सांगतो, कारण चिनूला त्याचीच उत्सुकता असणार. दोन केंद्रीय परीक्षा असतात, दिवाणी आणि फौजदारी. प्रश्न बार स्टँडर्ड्स बोर्ड काढतं, सगळे बहुपर्यायी स्वरूपाचे. दिवाणीचे दोन पेपर, पैकी दुसऱ्याला ‘व्हाइट बुक’ हे दिवाणी नियमांचं पुस्तक जवळ ठेवता येतं, फौजदारीला काहीच नाही. आपल्याकडून आलेली मुलं इथे मुदतींवर पडतात. भारतात करारभंगाच्या दाव्याला तीन वर्षं, ते डोक्यात पक्कं बसलेलं असतं, इथे सहा. शारीरिक इजेच्या दाव्याला तीन. पार्टिक्युलर्स, म्हणजे दाव्याचा तपशील, मिळाल्यापासून कैफियत द्यायला 14 दिवस, आणि दावा मिळाल्याची पोच कोर्टात दिली असेल तर 28. कागद टपालात कधी टाकला यावर नव्हे, तर तो कायद्याने कधी ‘मिळाला’ असं धरतात त्यावर मोजणी चालते. शनिवार-रविवार कुठे धरायचे आणि कुठे सोडायचे, यावर एकेक गुण जातो. फौजदारीत आरोपीच्या पूर्वीच्या वागणुकीचा पुरावा आत येण्याचे सात दरवाजे 2003 च्या कायद्यात आहेत. ते क्रमाने आणि प्रत्येकाच्या अटीसकट पाठ हवेत.

लेखी कामात दावा लिहिताना नेहमीची चूक म्हणजे वस्तुस्थितीऐवजी पुरावाच लिहून काढणं. ‘शेजाऱ्याने पाहिलं की गाडी वेगात होती’ हे दाव्यात नको, ‘प्रतिवादीने गाडी वाजवीपेक्षा वेगात चालवली’ एवढंच. शेजारी साक्षीला येईल तेव्हा सांगेल. व्याजाची मागणी कुठल्या कलमाखाली आहे हे लिहायचं राहतं, किंवा मजकूर खरा असल्याचं निवेदन शेवटी जोडायचं राहतं. आपल्याकडच्या मुलांची आणखी एक खोड, पानंच्या पानं निवाडे उतरवायची. इथल्या न्यायाधीशाला छोटं टिपण हवं असतं. मुद्दा, त्याला एक आधार, पुढचा मुद्दा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो उभं राहून बोलण्यात. वक्तृत्व शिकवायची इथली पद्धत हॅम्पेल पद्धत म्हणून ओळखली जाते, ऑस्ट्रेलियाच्या एका न्यायाधीशांच्या नावावरून, आणि मला ती खरंच आवडते, कारण तिच्यात ‘छान बोललीस’ हे वाक्य नाही. समजा, उलटतपासणीत विद्यार्थिनी साक्षीदाराला विचारते, ‘तुम्ही रस्त्यापलीकडे होता, पाऊस पडत होता, म्हणजे तुम्हाला सिग्नल नीट दिसला नाही, बरोबर?’ साक्षीदार म्हणतो, ‘नाही.’ आता कशाला नाही म्हणाला? अंतराला, पावसाला की सिग्नलला? शिकवणारा आधी दोष एका ओळीत सांगतो: एका प्रश्नात एकच गोष्ट. मग टिपून घेतलेला तिचाच प्रश्न शब्दशः वाचून दाखवतो. मग हा दोष का, ते सांगतो. मग उपाय. मग स्वतः करून दाखवतो: ‘तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर होता?’ ‘हो.’ ‘पाऊस पडत होता?’ ‘हो.’ ‘तुमच्या चष्म्यावर पाणी होतं?’ ‘हो.’ आणि तिथेच थांबतो. ‘मग तुम्हाला दिसलं नाही ना?’ हा शेवटचा प्रश्न विचारायचाच नाही, तो निष्कर्ष युक्तिवादात काढायचा. सहावी पायरी म्हणजे विद्यार्थिनीने तेच लगेच पुन्हा करायचं. एका वेळी एकच दोष. चिनू मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटुच्या कोर्टात, बक्षिसं मिळवते, छानच, पण मूटमध्ये साक्षीदार नसतो. हे तिला नव्याने शिकावं लागेल.

पुपिलेजचे पहिले सहा महिने मागे बसून बघायचं आणि मसुदे लिहायचे, नंतरचे सहा महिने तात्पुरत्या परवान्यावर स्वतः उभं राहायचं. नीतिनियमांची परीक्षाही याच वर्षात. किमान मानधन 2025 साली लंडनमध्ये वर्षाला 24,203 पौंड आणि बाहेर 22,019 होतं. फौजदारीवाली चेंबर्स त्याच्या आसपास देतात, बड्या व्यापारी चेंबर्समध्ये याच्या कितीतरी पट. विग आणि गाऊनची चौकशी आत्तापासून नको. घोड्याच्या केसांचा तो विग काही शे पौंडांचा असतो आणि दुसऱ्या सहामाहीपर्यंत त्याचं काही काम नाही.

ताई, माझं स्वतःचं मत वेगळं आहे, म्हणून तेही लिहितो. तिने आधी मुंबईत सनद घेऊन काही वर्षं हायकोर्टात खरी वकिली करावी. परदेशातल्या अनुभवी वकिलांना बोर्डाकडे अर्ज करून काही टप्प्यांतून सूट मागता येते आणि मग बार ट्रान्स्फर टेस्ट देता येते. किती सूट द्यायची हे तिची हजेरी, केलेल्या केसेस आणि न्यायाधीशांची पत्रं बघून ठरतं, म्हणून पहिल्या दिवसापासून केसेसची वही ठेवावी. कोर्टात उभं राहण्यापेक्षा सल्ल्याचं काम आवडणार असेल तर सॉलिसिटरची एसक्यूई परीक्षा आहे. तिची पहिली फेरी, 360 बहुपर्यायी प्रश्नांची, भारतातल्या केंद्रावरही देता येते. खर्चही बराच कमी.

तरीही थेट इकडेच यायचं ठरलं, तर या महिन्यात तीन कामं करा. चिनूच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात मागवा, त्याला वेळ लागतो. आयईएल्ट्सची तारीख जानेवारीतली घ्या, म्हणजे एखादा भाग राहिला तर दुसरी संधी मिळेल. आणि तिने हिवाळ्याच्या सुट्टीत एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली सत्र न्यायालयात बसावं, रोज काय पाहिलं ते तारखेसह लिहावं. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत ‘बॅरिस्टरच का?’ हा प्रश्न येतोच, आणि तेव्हा तिला त्या वहीतलंच सांगावं लागेल. गुणपत्रिका आल्या की स्कॅन करून मला पाठवा, कॉलेजांना मी इथून विचारतो.

आईला सा. न. सांगा. चिनूला आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा